फेस कोणीकडे सरकतो

सुज्ञ वाचकहो, सन एकोणीसशे बेचाळीसच्या श्रावणात, औंढ्याच्या बाजूस पूर्णेकाठच्या उभ्या दरडीवर चढण्याआधी एका स्त्रीने पाण्याची पारख कशी केली व त्या पारखीच्या भरवशावर पतीचा प्राण कसा पणास लावला, तो प्रसंग मी आता मोजून शंभर शब्दांत सादर करीत आहे. तो आपण शांत चित्ताने वाचावा.

मधाचे पोळे काढताना दगडोबा दरडीवरून घसरून कपारीत पडला, पाय मोडला. कपारीची वाट पायथ्याच्या खडकांवरून होती आणि पूर्णेचा पूर त्यांना टेकला होता. पाऊस उघडताच धाकटा भाऊ संतराम कमरेला दोर बांधून निघाला. दगडोबाची पत्नी नर्मदाबाई आडवी आली. "थांबा, भावजी. फेस काठाकडं सरकून राहिला, पानी अजून चढनार." "पाऊस तर थांबला, वैनी." "इथला थांबला. वरचा यायचा हाय." दगडोबा हाका मारीत राहिला, तरी तिने फेसावरची नजर काढली नाही. मग पाणी खडक गिळून थेट कपारीला भिडले. अखेर फेस काठ सोडून मधोमध वाहू लागला. खडक उघडे पडताच दोर स्वतःच्या कमरेला बांधून ती कपारीत चढली. "काहून इतका उशीर केला?" दगडोबाने विचारले. "तुमाला आनायचं होतं, तुमच्यासंगं वाहून जायचं न्हवतं."

येथवर आपण आस्थेने वाचलेत, याबद्दल मी आपणा सर्व वाचकांचा ऋणी आहे.
आपला नम्र,
व्यंकटराव दाजीबा सोळंके, मुक्काम औंढा नागनाथ