राहिलेलं पान

“त्या बांगड्या काढ आधी. किणकिणल्या की माझ्या डोक्यात अर्थ शिरत नाही,” सासू म्हणाली.

सुनेने बांगड्या काढून दिल्या. सासूने त्या उशीखाली सारल्या आणि कुरआनाचं भाषांतर तिच्यापुढे ठेवलं. सगळ्यांत लांब अध्याय. रोज दुपारी थोडा, पार्श्वभूमीसकट वाचायचा.

नाही म्हणायला सुनेत जीव कुठे होता? सकाळीच फोन आला होता. परदेशी कामावर गेलेला नवरा यंत्रात सापडला आणि गेला. माती तिकडेच होणार होती. सासूची तब्येत तोळामासा. एवढासा धक्काही सोसायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मग दिरापासून सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं.

म्हातारीचे हट्ट मात्र वाढतच गेले. अत्तर लावू नकोस, माझं डोकं उठतं. शिवणाच्या दुकानात जाऊ नकोस, मला एकटीला भीती वाटते. भाजी दीर आणेल.

“सासूने बरी दावणीला बांधलीये तुला,” शेजारीण हसली. सुनेने तेही ऐकून घेतलं. तिला ना राग येत होता, ना रडू. दूध उतू जायचं आणि ही नुसती बघत उभी राहायची.

रोज वाचन संपलं की ती सांगायची, “अम्मी, त्यांचा फोन आला होता. बरे आहेत.”

“बरं,” म्हणून सासू कूस बदलायची. पुढे काही विचारायची नाही.

अध्याय संपत आला तेव्हा एकदा सासूने मधलं एक पान सोडायला लावलं. “हे शेवटी.”

आज तेवढंच उरलं होतं. सून वाचू लागली. पूर्वी नवरा मेलेल्या बाईला वर्षभर कोंदट झोपडीत कोंडत. मग आज्ञा आली, विधवेने चार महिने दहा दिवस थांबावं. तेवढी इद्दत घरात, साजशृंगाराविना काढली की ती मोकळी.

सुनेचा आवाज सपाट होता. तिला इद्दतीला बसताच आलं नव्हतं. बसली असती तर म्हातारीला कळलं असतं. नवऱ्याचं एवढंही आपल्या हातून झालं नाही, हे आत कुठेतरी टोचलं, इतकंच.

तिने पुस्तक मिटलं. “अम्मी, त्यांचा फोन आला होता. बरे आहेत.”

सासूने उशीखाली हात घातला. बांगड्या काढल्या आणि एकेक करून तिच्या मनगटात चढवल्या.

“आज पुरे झाले, पोरी,” ती म्हणाली. “चार महिने दहा दिवस.”