तिसऱ्या दिवसाचं जेवण

"तीन दिवसांत अख्खा देश दाखवायचा?" नेस्ताननं विचारलं.

"त्यांना देश नको असतो गं. एक किल्ला, एक जुनं चर्च, एक डोंगर. मग पोटभर जेवण. लिही."

नेस्तान लिहू लागली. त्बिलिसीतल्या या कचेरीत ती चार वर्षं गोचाच्या हाताखाली होती. तो सांगे आणि ती लिही. मधे काही बोललीच, तर तो म्हणे, "तुला विचार करायला ठेवलेलं नाही."

पाहुणे दोघे होते, पोलंडमधले हॉटेलवाले. राचा या डोंगराळ भागातल्या एका उतारावर गोचाला त्यांच्या भागीदारीत हॉटेल बांधायचं होतं. पण त्या उतारावर एतेरी नावाच्या म्हातारीचं घर होतं आणि घरामागे तिचा द्राक्षमळा. जागा विकायला तिनं तीनदा नाही म्हटलं होतं. ती सही करेल, तरच पोलंडवाले पुढे येणार होते. म्हणून ही सहल.

"शुक्रवारी किल्ला. संध्याकाळी मी त्यांना आपले पेल्याचे नियम शिकवीन. माणसाच्या भल्यासाठी पेला उचलायचा तो वाइनचा. बिअरचा उचलायचा तो फक्त वैऱ्याच्या नावानं. असलं काही सांगितलं की परदेशी माणूस वहीत टिपून घेतो आणि स्वतःला शहाणा समजायला लागतो."

"शनिवारी?"

"चर्च. कुठलंही. त्यांना सगळी सारखीच दिसणार. रविवारी दुपारी म्हातारीकडे जेवण. पाहुणा दारात आला की या लोकांना नाही म्हणता येत नाही. लाव तिला फोन. स्पीकरवर ठेव."

एतेरीनं फोन लगेच उचलला. जेवणाचं ऐकून म्हणाली, "थांब पोरी, लिहून घेते. पेन्सिल बघते हं."

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. मागे कुठेतरी कोंबडी कुरकुरत होती.

गोचानं बिअरचा डबा उघडला. "आता बस वाट बघत. राचाची माणसं ही. सोमवारी चिमटा काढला तर शुक्रवारी ओरडतात."

"हळू बोला, त्यांना ऐकू जाईल."

"ती गेलीय पेन्सिल शोधायला. आणि ऐकून काय करणार आहे? जन्मभर खेड्यातल्या पोरांना बेरजा शिकवल्या, तिला त्या डोंगराचं काय कळतंय? मळा काढून तिथं गाड्या लावायच्या. वाइनचे रांजण पुरलेत त्या खोलीत संडास. म्हातारीला गावात एक खोली देऊन टाकू. मरेपर्यंत पुरेल."

नेस्तान कागदाकडे बघत राहिली.

"तो बेसोसुद्धा टपलाय त्या जागेवर," गोचा म्हणाला आणि त्यानं डबा उंच धरला. "बेसोच्या नावानं."

"मिळाली," एतेरीचा आवाज आला. "सांग आता."

नेस्ताननं एकेक पदार्थ सांगितला. एतेरी शाळेत शुद्धलेखन घालावं तसा प्रत्येक शब्द पुन्हा म्हणत होती. "लसणातलं कोंबडं. राजमा भरलेली रोटी. बरं. आणि माझ्या नवऱ्यानं शेवटचा भरलेला रांजण आहे, तो उघडते."

गोचानं टेबलावर हलकेच मूठ आपटली. असा रांजण कुणी उगाच उघडत नाही.

"आजी, सहीचा कागद आणायचा का बरोबर?" नेस्ताननं विचारलं.

"आणा की. पेनही आणा, माझ्याकडे नुसती पेन्सिल आहे. आणि पोरी, येताना माझं थोडं सामान आणशील? मीठ, काडेपेट्या, मेणबत्त्या आणि बिअरच्या दोन बाटल्या. आमच्या दुकानात बिअर मिळत नाही."

"दोन पुरतील?"

"पुरतील. जास्त कोण पिणार?"

फोन ठेवल्यावर गोचा पोट धरून हसला. "म्हातारी गुपचूप बिअर ढोसते तर! आण, दोन काय, चार आण."

"त्यांनी दोनच सांगितल्यात," नेस्तान म्हणाली.

सगळं ठरल्यासारखं पार पडलं. शुक्रवारी थोरल्या पाहुण्यानं, लेशेकनं, पेल्याचे नियम खरोखरच वहीत टिपून घेतले. शनिवारचं चर्च दोघांना आवडलं. रविवारी दुपारी सगळे द्राक्षांच्या मांडवाखाली बसले. एतेरीनं प्रत्येकाचा मुका घेतला, गोचाचाही. नेस्ताननं आणलेलं सामान तिनं आत नेऊन ठेवलं.

कोंबडं संपत आलं तसा गोचानं कागद तिच्यापुढे सरकवला. एतेरीनं चष्मा लावला. वही तपासावी तसं ओळीवर बोट ठेवून तिनं सगळं वाचलं. गोचा पाय हलवत होता.

"कुठेही चूक नाही," ती म्हणाली.

त्यानं पेनाचं टोपण काढून दिलं.

"आधी पेला, बाळा."

"हो, हो. तुमच्या चालीनं होऊ दे." गोचानं पाहुण्यांकडे बघून डोळा मारला.

रांजणातली वाइन तिनं स्वतः सुरईतून ओतली. दोघा पाहुण्यांना, ड्रायव्हरला, नेस्तानला, गोचाला. तिचा स्वतःचा पेला रिकामाच होता. मग ती आत गेली आणि दोन्ही बाटल्या घेऊन आली. त्यातली एक तिनं आपल्या पेल्यात ओतली. फेस काठापर्यंत चढला.

लेशेकचा घास हातातच राहिला.

एतेरी उभी राहिली. तिनं पेला उचलला.

"गोचाच्या नावानं," ती म्हणाली.

नेस्ताननं आपला वाइनचा पेला बाजूला सारला आणि दुसरी बाटली उघडली.