विजयाचा शिरा

मोठ्या कढईतल्या शिऱ्याला तूप सुटलं, तशी जिंकलेल्या गावातली माणसं रिकामी भांडी घेऊन कढईपुढे उभी राहिली.

"शिरा जवानांसाठी आहे. यांना कोणी बोलावलं?" सुभेदार भडकला.

"तुम्हीच, साहेब," गावातला दुभाषी म्हणाला. "सकाळी भोंग्यावरून सांगितलंत ना, आता तुमची काळजी आम्ही घेऊ म्हणून."

सुभेदार वरमला. "बरं, आधी यांना वाढा."

आचाऱ्यानं पहिल्या म्हातारीच्या थाळीत डावभर शिरा घातला. ती पुढे सरकेना. काहीतरी विचारत राहिली.

"काय म्हणतेय?"

"उद्या किती वाजता येऊ, विचारतेय."

सुभेदारानं मागे पाहिलं. जवान गाणी म्हणत तंबू उतरवत होते. घरी न्यायला आलेले ट्रक रांगेत उभे होते.

"तिला अजून थोडा वाढ," तो मान खाली घालून आचाऱ्याला म्हणाला.