बदली फोन

“हा तिकडच्या कंपनीनं लॉक केलाय, साहेब. इथलं सिम चालायचं न्हाई,” म्हणत नगरच्या स्टँडसमोरच्या मोबाईलवाल्यानं फोन परत केला. अमेरिकेतून निघायच्या आदल्या दिवशी अँड्र्यूचा फोन फुटला होता आणि कंपनीनं बदली म्हणून हा दिला होता. नंबर सगळे जुन्यातच राहिले. तोंडपाठ होता तो एकच, आजारी बाबांचा. टॅक्सी ड्रायव्हरच्या फोनवरून तो मुंबईपासून लावत आला होता. कुणी उचलत नव्हतं. “वायफाय देऊ का?” मोबाईलवाल्यानं विचारलं. जोडताच बहिणीचे मेसेज एकामागोमाग येऊन पडले. “दादा, बाबांना तुझा आवाज ऐकायचाय.” “दादा, बाबा गेले.” “पाच वाजता माती आहे, कुठवर आलास?” “चर्चचे पाळक थांबलेत तुझ्यासाठी.” शेवटचा मेसेज मात्र दहाच मिनिटांपूर्वी आला होता. “अंधार पडला, उरकावं लागलं. तुझ्या वाट्याची मूठभर माती रुमालात बांधून ठेवलीय. सावकाश ये.”