बारा यार्ड

१९८७ सालच्या ऑक्टोबरातला शनिवार. ओहायोतल्या एका लहान कॉलेजच्या सॉकरच्या मैदानावर नवा बोर्ड उभा होता, पिवळ्या कापडाने झाकलेला. कापडाखाली काय लिहिलंय ते गावाला ठाऊक होतं : बर्नी कोवालिक मैदान.

पाहुण्या संघाची व्हॅन त्यांचा प्रशिक्षक ॲल्विन ट्रॉयर स्वतःच चालवत आला. शेजारच्या गावातल्या कॉलेजात त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. इथल्या संघाचा प्रशिक्षक बर्नी, त्याला सव्वीसच. शर्ट धुणं, फाटलेल्या जाळ्या शिवणं, मैदानावर फक्की मारणं, दोघेही सगळं आपल्या हातांनी करत आले होते. फक्त बर्नी जास्त जिंकला होता.

"चेहरा जरा सैल सोड," ॲल्विनची बायको व्हर्ना थर्मास काढत म्हणाली. "मयताला आल्यासारखा दिसतोयस."

"जिवंत माणसाच्या नावाचा बोर्ड लावतात का कुठे?"

"तुझ्या नावाचा असता तर तू कालच शिडी घेऊन आला असतास."

ॲल्विन मैदानात उतरला. या दोघांची एक जुनी रीत होती. सामन्याआधी पाहुण्याने यजमानाचं मैदान पायी फिरून बघायचं आणि खोड काढायची. उजव्या कोपऱ्यात खड्डा आहे, जाळी सुटलीय, तुझ्या रेघा बघून सापाला लाज वाटेल. मग यजमान शिव्या देत दुरुस्त करणार. पंचांपेक्षा त्यांचा एकमेकांवर भरवसा होता.

उत्तरेकडच्या गोलच्या रेघेपासून ॲल्विन पेनल्टीच्या ठिपक्याकडे यार्डाचं एक अशी मोजून पावलं टाकत गेला. अकरावं पाऊल पडलं तेव्हा ठिपका मागे राहिला होता. तो परत गेला, पुन्हा मोजलं. बारा यार्डांवर हवा तो ठिपका गोलच्या चांगला दीड यार्ड जवळ होता.

पलीकडे बर्नी नव्या कोटात उभा होता. आजूबाजूला कॉलेजची बडी मंडळी, जुने खेळाडू, त्यांची पोरंबाळं. आता हाक मारली तर बर्नी हसत हसत फक्कीचा डबा घेऊन येईल, ठिपका हलवेल, आणि या वयातही कसा हाताने कामं करतो म्हणून लोक पुन्हा टाळ्या वाजवतील. त्यापेक्षा पंचांनाच दिसू दे. सगळ्यांसमोर.

"काय रे, काही सापडलं?" बर्नीने लांबून विचारलं.

"नाही," ॲल्विन म्हणाला. "ठीक आहे."

पंचांनी जाळ्या ओढून बघितल्या, ठिपक्याकडे पाहिलंच नाही.

मध्यंतरात कापड निघालं. ॲल्विननेही टाळ्या वाजवल्या. लोकरीचे हातमोजे काढले नाहीत, त्यामुळे आवाज आला नाही.

सामना संपायला चार मिनिटं उरली होती आणि दोन्हीकडे शून्य होतं, तेव्हा उत्तरेकडच्या गोलपाशी ॲल्विनच्या एका पोराने आडवा पाय घातला. पेनल्टी. बर्नीच्या खेळाडूने चेंडू ठिपक्यावर ठेवला. ॲल्विन पंचांच्या दिशेने दोन पावलं धावला आणि थांबला. बोललं तर पंच विचारणार, कधी बघितलंत? आणि ते सांगावं लागणार होतं. त्याचा गोलकीपर डेल हॉस्टेटलर बरोब्बर बाजूला झेपावला. हात वीतभर कमी पडला.

एक-शून्य.

"सर, मी जरा आधी उडी घ्यायला हवी होती," डेल डोळे पुसत म्हणाला.

"तुझं काही चुकलं नाही," ॲल्विन म्हणाला. 

हस्तांदोलनाच्या रांगेत बर्नी शेवटी होता. त्याने ॲल्विनचा हात धरला तो सोडलाच नाही.

"ठिपका जवळ होता ना रे?" त्याने हळूच विचारलं. "माझ्या पोराने पेनल्टी मारली तेव्हा शंका आली. पहाटे मीच फक्की मारली. उन्हाळ्यापासून डोळ्यांनी दगा दिलाय, टेपवरचे आकडे दिसत नाहीत. इथे कुणाला सांगितलं नाही अजून. म्हटलं, ॲल्विन येणार आहे, तो बघेल. तू फिरून आलास, ठीक आहे म्हणालास, मी निर्धास्त झालो."

 परतीच्या वाटेवर व्हर्ना दोनदा काहीतरी विचारायला वळली आणि दोन्ही वेळा पुन्हा रस्त्याकडे बघू लागली.

बर्नीने तो हंगाम संपताच काम सोडलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याची नजर जवळजवळ गेली. डेल टोलेडोत दातांचा डॉक्टर झाला. कॉलेजचा विषय निघाला की पेशंटच्या तोंडात आरसा असतानाच सांगतो, वीतभर कमी पडलो. त्याला कुणी कधी खरं सांगितलं नाही. ॲल्विन आणखी नऊ वर्षं शिकवत राहिला. त्याच्या कॉलेजने त्याच्या नावाने काही उभारलं नाही. निरोपाला कॉलेजचं चिन्ह कोरलेली लाकडी खुर्ची दिली, तिच्यात व्हर्नाची मांजर झोपायची.

पण त्या नऊही वर्षांत बर्नीच्या मैदानावर सामना असला की ॲल्विन दोन तास आधी पोचायचा, स्वतःची दोरी घेऊन. कुणी सांगितलेलं नसताना दोन्ही ठिपके मोजायचा. बर्नी काठी टेकत येऊन बोर्डाखालच्या बाकावर बसलेला असायचा.

"बारा?" तो विचारायचा.

"बारा."

मग ॲल्विन दोरी गुंडाळत त्याच्या शेजारी येऊन बसायचा. बोर्डाकडे पाठ करून.