नववीचा तास

मुख्याध्यापिका रणदिवेबाईंनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं आणि समोर बसलेली मृण्मयी खुर्चीत सावरून बसली. विज्ञान शिक्षिकेच्या जागेसाठी तिची ही पाचवी मुलाखत. त्यात खुर्ची कपाट आणि टेबलामध्ये अशी चेपलेली, की पळायचं म्हटलं तरी आधी बाईंनाच उठवावं लागलं असतं!

"बहिर्गोल भिंगातून लांबची झाडं उलटी का दिसतात?"

प्रश्न केवढा सोपा! पण बाईंचे डोळे घड्याळावरून हलेनात. यांना मी नकोच आहे, असं मृण्मयीला वाटलं. "सॉरी मॅडम, येते मी," म्हणत तिने फाईल उचलली.

"अगं ए, बस खाली!" बाई जवळजवळ किंचाळल्याच. "जूनपासून नववीचं विज्ञान मी शिकवतेय. माझा विषय मराठी! काल मुलींनी हेच विचारलं, मी म्हटलं, उद्या सांगते. आता दोन मिनिटांत तास आहे आणि तू निघालीस? तुला जमावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेय मी!"

मृण्मयीने आता कुठे त्यांच्याकडे नीट पाहिलं. बाईंच्या कपाळावर तिच्यापेक्षा जास्त घाम होता. तिने स्वतःचाच अर्ज उलटा केला आणि त्यावर भिंग काढलं.

"हे किरण बघा मॅडम, पलीकडे गेले की एकमेकांना ओलांडतात. वरचा खाली, खालचा वर."

"एवढंच?"

"एवढंच."

घंटा झाली. बाईंनी खडूचा डबा तिच्या हातात कोंबला.

"चल, तूच सांग. मी मागच्या बाकावर बसते."