कामी आला

"वाच की रं, थांबलास का?" भिवाआबा म्हणाले.

विलास थांबला होता खरा. पिंपरीच्या कंपनीत थर्ड शिफ्ट करून तो नुकताच कुरुळीत पोचला होता. वेशीवर पोस्टमनने शेजारच्या भिवाआबांचं पत्र त्याच्याच हातात दिलं, कारण त्या घरात वाचणारं कुणी नव्हतं. पत्र आघाडीवरून आलं होतं, पण अक्षर जयसिंगचं नव्हतं. लिहिणारा त्याच्या पलटणीतला सुभेदार होता, रंगराव नावाचा, मावळातला.

जयसिंग म्हणजे आबांचा एकुलता एक. आणि त्याच्यावर आबांचा राग काही उगाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी कुणाकुणाचे पाय धरून त्यांनी त्याला पिंपरीत कामाला चिकटवला. पठ्ठ्या तीन महिन्यांत मशीन सोडून पळाला आणि घरी न सांगता फौजेत भरती झाला. तेव्हापासून आबांनी त्याचं नाव घेणं सोडलं. बोलायची वेळ आलीच तर बायकोकडे बघून म्हणायचे, "तुझा ल्योक." "बैल कामी येतो, मोडका नांगर बी कामी येतो, पर तुझा ल्योक कुनाच्या कामी यायचा न्हाई," हे त्यांचं रोजचंच. तानूकाकी आपल्या भाकरी थापत राहायच्या. करतात काय बिचाऱ्या!

मग लढाई पेटली, आणि आबा रोज सकाळी खंडूच्या हॉटेलात रेडिओपुढे जाऊन बसू लागले. विचारलं तर म्हणायचे, चाकणच्या कांद्याचा भाव ऐकायला आलोय. कांदा कसला अन् काय! सगळ्या बातम्या लढाईच्या. फौज ढाक्याकडे सरकतेय, हेलिकॉप्टरं जवानांना नदीपार उतरवतायत, छत्र्या घेऊन माणसं आभाळातून खाली येतायत. लोहगावची विमानं शिवारावरून गेली की आबा खुरपं थांबवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायचे. घरी येऊन मात्र तेच. "तुझा ल्योक छत्रीसकट चिखलात पडला आसंल."

आता ढाका पडून चार दिवस झाले होते. लढाई संपली होती. पोरगं आता सुट्टीवर येईल म्हणून तानूकाकींनी कालच शेंगा भाजून ठेवल्या होत्या.

विलास वाचू लागला. "आपला चिरंजीव जयसिंग दिनांक अकरा रोजी पुलाच्या लढाईत कामी आला. मशीनगन सोडून तो तसूभर हलला नाही. त्याच्यामुळेच पलटण नदीपार गेली."

"काय म्हनला? परत वाच."

"कामी आला," विलास म्हणाला.

आबा ताडकन उठले. "कामी आला! ऐकलंस का गं? मशीन सोडून हलला न्हाई म्हनं! सुभेदार लिवतोय, कुनी सोमागोमा न्हाई! आरं, माझा ल्योक हाय त्यो!"

आबांना भलताच अर्थ लागलाय, हे विलासच्या ध्यानात आलं. हा शब्द आबांच्या तोंडात रोज असायचा, पण बैलासाठी, नांगरासाठी. त्यांच्या घराण्यात आजवर कुणी फौजेत गेलेलं नव्हतं. फौजेतला त्याचा अर्थ त्यांना कोण सांगणार होतं? पत्रातली पुढची ओळ मृतात्म्यास शांती लाभो अशी होती. ती त्याच्याच्याने वाचवेना. त्याने पत्राची घडी घातली.

"आनि काय लिवलंय?"

"सरकारी कागद मागनं येईल म्हणून."

"बक्षिसाचा आसंल!" आबांनी खुंटीवरचं मुंडासं घेतलं. घाईत ते नीट बसेना. "गूळ दे गं. चांगला बचकभर दे. समद्या हॉटेलाला वाटतो. लई हसत व्हती मला, कंपनीतनं पळाला म्हनून!"

तानूकाकी उठल्या. डब्यातली ढेप काढली, वरवंट्याने फोडली, खडे आबांच्या उपरण्यात बांधून दिले. एक खडा जमिनीवर पडला, तोही उचलून आत टाकला. मग आबांचं मुंडासं त्यांनी स्वतःच्या हाताने सारखं केलं. आबा निघाले. साठीचा माणूस, पण चप्पल घालायचंही भान नव्हतं. दारातूनच त्यांनी समोरच्या गोजाबाईंना हाक मारली आणि गूळ पुढे केला.

ते वळणापलीकडे गेल्यावर विलासला राहवेना. "काकी, आबांना कळलं न्हाई गं. कामी आला म्हंजी…"

"ठावं हाय मला."

तानूकाकी चुलीजवळ खाली बसल्या. "माझ्या लगनाआधी माझा थोरला भाव बर्माच्या लढाईत गेला. तवा आलेल्या कागदात बी ह्योच शब्द व्हता." आणि मग त्या रडल्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदर तोंडात कोंबून, सगळं अंग हलेपर्यंत रडल्या. विलासही डोळे पुसत होता. लहानपणी नदीत जयसिंगनेच त्याला पोहायला शिकवलं होतं.

शेवटी तो म्हणाला, "मग गूळ कशाला दिलास, काकी? हॉटेलात दहा माणसं आसत्याल. कुनीतरी सांगंलच की त्यांना!"

"सांगत्याल रं."

बाहेर रस्त्यावरून आबांचा आवाज अजून ऐकू येत होता. ते प्रत्येकाला थांबवून तेच सांगत होते. काकींनी पदराने तोंड पुसलं आणि त्या आवाजाकडे कान लावला.

"पर तितवर जाऊ दे त्यास्नी. दोन वर्सांत आज पयल्यांदा 'माझा ल्योक' म्हनलेत."